दोन कारकून, एक वही : मल्टिकोर सॉफ्टवेअरच्या अचूकतेचा शोध

१/
रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला लागून असलेले मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली तिथे जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांचे स्मारक पाहायला साहित्यप्रेमी आजही जातात. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. १९११ साली प्रसिद्ध झालेला ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ त्यांचा. या लेखमालेचा विषय संगणक आहे. तरीही तिची सुरुवात या वैयाकरणापासून करणेच योग्य.

२/
दामल्यांच्या आधीही मराठीला व्याकरणे होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. दामल्यांनी पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली, वादविवाद केला आणि कारणे देऊन नियम मांडले. लोक भाषा आधी बोलतात, तिचे नियम मागाहून शोधावे लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकशास्त्रावर काहीसा असाच प्रसंग ओढवला. यंत्र माणसानेच घडवले होते, ते जगभर चालतही होते. पण त्याचे व्याकरण नेमकेपणाने लिहिलेले कोणापाशीच नव्हते.

३/
अनेक वर्षे संगणक वेगवान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाची गती वाढवणे. गतीबरोबर उष्णताही वाढत गेली आणि २००४च्या सुमारास तो मार्ग खुंटला. आयबीएमने २००१ सालीच पॉवर-४ या प्रोसेसरमध्ये एका चिपवर दोन गाभे बसवले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी घरगुती संगणकांतही तेच केले. एका चिपवर अनेक गाभे, म्हणजे कोर, असलेला हा मल्टिकोर प्रोसेसर. आज खिशातल्या साध्या फोनमध्येही बहुधा आठ गाभे असतात.

४/
गाभे अनेक, पण मेमरी सामायिक. अडचणीचे मूळ इथे आहे. कल्पना करावी की, मालगुंडच्या एका आंबा व्यापाऱ्याच्या वखारीत अण्णा आणि तात्या असे दोन कारकून आहेत. वाशीच्या बाजाराकडे जाणारा ट्रक दिवसाला एकच. तो दोघांपैकी एकानेच आपल्या पेट्यांसाठी ठरवायचा आहे. दोघांमध्ये एक पक्की वही असून तिच्यात दोन रकाने आहेत : एक अण्णांचा, एक तात्यांचा. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. एकमेकांशी बोलण्याचे साधन केवळ ही वही.

५/
नियम असा : ज्याला ट्रक हवा त्याने प्रथम आपल्या रकान्यात खूण करावी, मग दुसऱ्याचा रकाना पाहावा. तो कोरा असेल तरच ट्रक ठरवावा; खूण दिसली तर माघार घ्यावी. दोन वेळा लिहिणे आणि दोन वेळा वाचणे, अशा एकूण चार कृती. प्रत्येकाचा ‘आधी लिहिणे, मग वाचणे’ हा क्रम कायम ठेवला, तर त्या सहाच प्रकारे एकमेकींत मिसळू शकतात. सहाही प्रकार कागदावर मांडून पाहावेत. कधी दोघेही माघार घेतील. पण दोघांनाही समोरचा रकाना कोरा दिसला आणि एका ट्रकवर दोघांनी हक्क सांगितला, असे एकाही प्रकारात घडत नाही.

६/
हा प्रश्न संगणकशास्त्रात जुना आहे. दोन प्रक्रियांसाठी त्याचे उत्तर डच गणितज्ञ डेकर यांनी काढले. १९६५ साली एड्सगर डाइकस्ट्रा यांनी कितीही प्रक्रियांना लागू पडणारी रीत जेमतेम एका पानात प्रसिद्ध केली. पुढे जानेवारी १९६६ मध्ये हॅरिस हायमन यांनी दोन प्रक्रियांसाठी आणखी सोपी रीत छापून आणली. काही ओळींचा तो प्रोग्रॅम वाचायला निर्दोष वाटे. मे महिन्यात डोनाल्ड कनुथ यांनी दाखवून दिले की तो चुकीचा आहे. विशिष्ट क्रमाने पावले पडली, तर दोन्ही प्रक्रिया एकदमच आत शिरतात.

७/
हायमन यांची चूक डोळ्यांना का दिसत नाही, याचे उत्तर अंकगणितात आहे. दोन प्रक्रिया आणि प्रत्येकीची दहा पावले, एवढेच घेतले तरी ती पावले १,८४,७५६ प्रकारे एकमेकांत मिसळू शकतात. वीस-वीस पावले घेतली, तर हा आकडा १३,७८४ कोटींवर जातो. दर सेकंदाला एक हजार प्रकार तपासले, तरी सगळे तपासून व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. खरे प्रोग्रॅम लाखो पावले चालतात. शिवाय कोणता प्रकार घडावा हे तपासणाऱ्याच्या हाती नसते. ते त्या क्षणी गाभ्यांची गती ठरवते.

८/
या अंकगणिताची किंमत माणसांनी मोजली आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्याकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग झाला आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू ओढवला. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच वेळी चालणारी अनेक कामे समान नोंदींवर लिहीत-वाचत होती. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयाच्या तज्ज्ञाने आणि यंत्रचालिकेने तो दोष पुन्हा घडवून दाखवला. चालिका नोंद दुरुस्त करताना सरावाने झरझर टंकलेखन करी, तेव्हाच तो प्रकट होई. सावकाश हाताने तपासणाऱ्याला तो सापडणे शक्यच नव्हते.

९/
दुसरा प्रसंग १४ ऑगस्ट २००३ चा. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला; सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, ओहायोतील नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली तासाभराहून अधिक काळ मूकपणे बंद पडली होती आणि हे कोणाच्या लक्षातच आले नाही. दोन कामांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातल्याचा तो परिणाम होता. ती प्रणाली त्यापूर्वी ठिकठिकाणी मिळून तीस लाखांहून अधिक तास चालली होती आणि तेवढ्या काळात तो दोष एकदाही वर आला नव्हता.

१०/
तीस लाख तासांची चाचणी जिथे पुरत नाही, तिथे दुसरा मार्ग उरतो तो गणिती सिद्धतेचा. एका ओळीने चालणाऱ्या प्रोग्रॅमची सिद्धता कशी द्यावी, हे टोनी होअर यांनी १९६९ साली दाखवले होते. समवर्ती प्रोग्रॅमसाठी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांसाठी, ते काम सुझन ओविकी आणि डेव्हिड ग्रीस यांनी १९७६ मध्ये केले. त्यांचा मुख्य आग्रह असा : प्रत्येक प्रक्रियेची सिद्धता स्वतंत्रपणे द्यावी आणि मग एकीचे कोणतेही पाऊल दुसरीच्या सिद्धतेतले कोणतेही विधान खोटे पाडत नाही, हे तपासावे.

११/
सिद्धता माणसाने लिहायची, तर ती लिहिताना माणूसच चुकतो. १९८१ साली एडमंड क्लार्क आणि ॲलन इमर्सन यांनी, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये क्वेय आणि सिफाकिस यांनी, हे काम यंत्राकडे सोपवले. प्रोग्रॅमच्या शक्य असलेल्या सर्व अवस्था संगणकानेच पद्धतशीरपणे पालथ्या घालायच्या आणि चूक सापडली तर तिच्यापर्यंत नेणारी वाट दाखवायची, अशी ही ‘मॉडेल चेकिंग’ पद्धत. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना तिच्यासाठी २००७ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. अवस्थांची संख्या अफाट वाढणे हा तिचा कायमचा शत्रू.

१२/
या इतिहासातले एक महत्त्वाचे ठिकाण मुंबईत, कुलाब्याला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला होता. त्याच संस्थेतील मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांचा अनेक प्रोसेसरांच्या संगणकासाठी रचलेल्या कार्यप्रणालीवरचा ग्रंथ १९८४ मध्ये होअर यांच्या संपादनाखालील आंतरराष्ट्रीय मालिकेत प्रसिद्ध झाला. घरगुती संगणकांत दोन गाभे येण्याच्या तब्बल एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. सामायिक माहितीला कोणी कधी हात लावावा, ही शिस्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर न सोडता भाषेच्या रचनेतच बांधून टाकावी, असे मानणारी ती पिढी होती.

१३/
कुलाब्यातच पारितोष पंड्या आणि जोसेफ यांनी परस्परांना संदेश पाठवणाऱ्या प्रक्रियांसाठी एक तर्कपद्धती उभी केली. तिच्यावरचा त्यांचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा गाभा गृहीतक आणि ग्वाही या जोडीत आहे. इतरांनी अमुक पाळले, तर ही प्रक्रिया तमुक पाळील, असे प्रत्येक प्रक्रियेबद्दल स्वतंत्रपणे सिद्ध करायचे आणि मग सगळ्यांची गृहीतके एकमेकांच्या ग्वाहीतून भागतात का, ते पाहायचे. करारनाम्यासारखी ही रीत. तिचा लाभ असा की, एक भाग बदलला म्हणून संपूर्ण सिद्धता नव्याने लिहावी लागत नाही. जोसेफ पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्राचे प्रमुख झाले.

१४/
आता मालगुंडच्या वखारीत परत यावे. तिथल्या नियमाची तपासणी करताना एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती : वहीत लिहिले की ते त्याच क्षणी सर्वांना दिसते. ओविकी आणि ग्रीस यांनीही सामायिक मेमरीबद्दल हेच मानले होते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली दोन पानांच्या टिपणात या गृहीतकाला नाव दिले आणि त्याची नेमकी व्याख्या केली. सर्व गाभ्यांच्या सगळ्या कृती जणू एकाच रांगेत घडल्या आणि त्या रांगेत प्रत्येक गाभ्याचा स्वतःचा क्रम मोडला नाही, असा परिणाम दिसला पाहिजे. याला अनुक्रमिक सुसंगती म्हणता येईल.

१५/
प्रत्यक्षातले प्रोसेसर हे वचन पाळत नाहीत. कारण वेगाचे आहे. पक्की वही लांबच्या खोलीत आहे आणि प्रत्येक नोंदीसाठी तिथे जाणे परवडत नाही. म्हणून प्रत्येक कारकून आपल्याजवळ कच्चा खर्डा ठेवतो. नोंद आधी खर्ड्यात करतो आणि सवडीने ती वहीत उतरवतो. आता अण्णांनी खर्ड्यात खूण केली, वहीत तात्यांचा रकाना पाहिला : कोरा. त्याच वेळी तात्यांनी आपल्या खर्ड्यात खूण केली, वहीत अण्णांचा रकाना पाहिला : कोरा. ट्रक एक आणि हक्कदार दोन. सहा प्रकारांपैकी एकातही जे घडत नव्हते, ते घडले.

१६/
घरोघरच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांत प्रत्येक गाभ्यापाशी असा खर्डा खरोखरच असतो. त्याला स्टोअर बफर म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे ‘फेन्स’ नावाची आज्ञा : खर्ड्यातले सगळे वहीत उतरव, तोवर पुढचे काही वाचू नकोस. मात्र प्रत्येक फेन्सपाशी वेळ खर्च होतो, म्हणून ती सरसकट घालता येत नाही. भरीस भर म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरही वेगासाठी ओळींची उलटापालट करतो. म्हणजे डेकर यांची सिद्ध झालेली रीत तशीच्या तशी उतरवून घेतली, तरी आजच्या लॅपटॉपवर ती चुकू शकते. सिद्धतेत खोट नव्हती. ती ज्या यंत्राबद्दल दिली होती ते यंत्रच निराळे होते.

१७/
मग विश्वास कोणी कोणावर ठेवायचा? या प्रश्नाला सर्वांत टिकाऊ उत्तर देणाऱ्यांत सरिता अडवे यांचे नाव अग्रणी आहे. त्यांनी १९८७ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढील संशोधनासाठी त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. १९९० मध्ये मार्क हिल यांच्यासह त्यांनी मांडलेला विचार असा : यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यात करार करावा. प्रोग्रॅमरने एक शिस्त पाळावी. ती पाळली तर यंत्राने आपल्या खर्ड्यांचा आणि उलटापालटीचा मागमूसही त्याला दिसू देऊ नये.

१८/
ती शिस्त म्हणजे ‘डेटा रेस’ टाळणे. एकाच नोंदीला दोन प्रक्रियांनी एकाच वेळी हात घातला, त्यांतली एक तरी लिहिणारी असली आणि आधी कोण, मग कोण हे ठरवणारी कोणतीही खूण मध्ये नसली, म्हणजे डेटा रेस झाली. वखारीच्या भाषेत सांगायचे तर, कारकुनांनी कोणत्या नोंदी परस्परांना इशारा देण्यासाठी आहेत हे आधीच उघड सांगावे. त्या नोंदींपाशी यंत्र सावध राहील. बाकीच्या हजारो साध्या नोंदींपाशी त्याला हवे तेवढे धावू द्यावे. वेग आणि अचूकता यांतला झगडा मिटवणारा हा तोडगा प्रोग्रॅमर आणि यंत्रनिर्माते या दोघांनाही मानवला.

१९/
करार कागदावर सोपा, भाषेत उतरवणे कठीण. जावा ही भाषा १९९०च्या दशकात आली, तेव्हापासूनच तिच्या अधिकृत ग्रंथात मेमरीचे नियम लिहिलेले होते. १९९९ मध्ये विल्यम प्यू यांनी दाखवले की ते नियम सदोष आहेत. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर २००४ साली जावा ५ बरोबर नवे नियम आले. जेरेमी मॅन्सन, प्यू आणि अडवे यांनी ते २००५ मध्ये निबंधरूपाने मांडले. त्यांतही २००८ मध्ये शेव्हचिक आणि अस्पिनॉल यांना उणीव सापडली : नियमांना मान्य असल्याचे सांगितलेली कंपायलरची काही नेहमीची रूपांतरे प्रत्यक्षात त्या नियमांत बसत नव्हती.

२०/
सी आणि सी प्लस प्लस या भाषांची स्थिती आणखी बिकट होती. जगातल्या बहुतेक कार्यप्रणाली सीमध्ये लिहिलेल्या, तरी २०११ पर्यंत त्यांच्या प्रमाणग्रंथांना एकाहून अधिक प्रक्रियांचे भानच नव्हते. हान्स बोम आणि अडवे यांनी २००८ मध्ये सी प्लस प्लससाठीच्या नियमांचा पाया मांडला. त्यात डेटा रेस टाळण्याचा करारच केंद्रस्थानी होता. केंब्रिजच्या मार्क बॅटी आणि सहकाऱ्यांनी त्या नियमांना गणिताचे रूप दिले, तेव्हा मसुद्यातल्या काही चुका उघड झाल्या आणि २०११चे प्रमाण निघण्याआधी त्या दुरुस्त करता आल्या.

२१/
खुद्द प्रोसेसरांच्या नियमांचे काय? ते निर्मात्यांच्या पुस्तिकांत इंग्रजी गद्यात लिहिलेले असत आणि त्यांचे एकाहून अधिक अर्थ निघत. २००७ साली इंटेलने एक टिपण काढून नियम स्पष्ट केले. पीटर स्युएल, सुस्मित सरकार आणि सहकाऱ्यांनी त्या टिपणावरून गणिती प्रतिमान बांधले. पण प्रत्यक्ष प्रोसेसर अशा गोष्टी करताना आढळले, ज्या त्या प्रतिमानाला मान्य नव्हत्या. संशोधकांनी दोन-चार ओळींचे कसोटी-प्रोग्रॅम पुनःपुन्हा चालवून पाहिले आणि २००९ मध्ये नवे प्रतिमान मांडले. खर्डा आणि वही यांचे वर सांगितलेले चित्र हे त्या प्रतिमानाचेच सोपे रूप.

२२/
इथे वैयाकरणाची पद्धत ओळखू येते. आधीच्यांनी लिहिलेला नियम घ्यावा, प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहावा, अपवाद सापडला तर नियमाची फेरमांडणी करावी. फरक इतकाच की, भाषेतला अपवाद बोलणाऱ्याला सहसा इजा करत नाही. प्रोसेसरच्या नियमातला अपवाद बँकेच्या खात्यात, विमानाच्या नियंत्रणात किंवा रुग्णाच्या खाटेपाशी उमटू शकतो. म्हणूनच या व्याकरणाला गणिती रेखीवपणा हवा, कारण पुढची प्रत्येक सिद्धता त्याच्यावरच उभी राहायची आहे.

२३/
व्याकरण हाती आल्यावर पुढचा प्रश्न : अचूकतेची तपासणी यंत्राकडे सोपवता येईल का? मोहम्मद फौझी आतिग, अहमद बुआज्जानी, सेबॅस्टियन बुर्कहार्ट आणि मदन मुसुवती यांनी २०१० मध्ये खर्ड्याच्या प्रतिमानाबद्दल उत्तर दिले. प्रोग्रॅममधील मूल्ये मर्यादित असतील, तर ‘ही चुकीची अवस्था कधी येऊ शकेल का’ याचा निर्णय यंत्र नेहमी देऊ शकते. मात्र त्याला लागणाऱ्या वेळेची वाढ इतकी प्रचंड की, घातांकांचे मनोरेही तिच्यापुढे ठेंगणे ठरतात. तत्त्वतः शक्य, सरसकट व्यवहारात अशक्य, असा तो निकाल.

२४/
सी प्लस प्लसमधील ‘रिलीज-अक्वायर’ नावाचे नियम याहून सैल आहेत. त्यांचे चित्र असे : वहीत प्रत्येक रकान्याला स्वतंत्र पान आहे आणि प्रत्येक कारकुनाची प्रत्येक पानावर आपली एक खूण आहे. खुणेच्या मागच्या नोंदी त्याला पुन्हा वाचता येत नाहीत. खुणेपाशी किंवा पुढे असलेली कोणतीही नोंद तो वाचू शकतो, सर्वांत ताजीच वाचेल असे नाही. एखादी नोंद वाचली की ती लिहिणाऱ्याला तोवर जे ठाऊक होते, तेवढ्या साऱ्या खुणा वाचणाऱ्याच्याही पुढे सरकतात. ‘आता’ या शब्दाला सर्वांसाठी मिळून एकच अर्थ इथे उरत नाही.

२५/
या नियमांखाली तपासणीचा प्रश्न सुटतो का, याचे उत्तर शोधणाऱ्यांत पवईचा वाटा आहे. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठाचे पारोश अब्दुल्ला आणि मोहम्मद फौझी आतिग, तसेच आयआयटी मुंबईतील एस. कृष्णा आणि जतीन अरोरा यांनी २०१९ मध्ये सिद्ध केले की, रिलीज-अक्वायर नियमांखाली हा प्रश्न अनिर्णेय आहे. मूल्ये मर्यादित असली, तरी प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल खात्रीचे ‘होय’ वा ‘नाही’ देणारी रीत असूच शकत नाही. उद्याचा संगणक कितीही वेगवान असो, ही मर्यादा हटणार नाही. ती तर्कशास्त्राची मर्यादा आहे.

२६/
त्याच निबंधात पुढची वाटही आहे. एका कारकुनाने दुसऱ्याची नोंद वाचून आपल्या खुणा पुढे सरकवण्याचे प्रसंग ठरावीक संख्येपुरते मर्यादित धरले, तर सैल नियमांखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमचे रूपांतर लॅम्पोर्टच्या एका रांगेत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करता येते. मग जुनी, कसलेली तपासणीसाधने त्यावर चालवता येतात. या पद्धतीने सर्व चुका सापडतील अशी ग्वाही नाही. पण अनुभव असा की, समवर्ती प्रोग्रॅममधल्या पुष्कळ चुका थोडक्याच देवाणघेवाणीनंतर प्रकट होतात. म्हणून मर्यादित शोधही फळतो.

२७/
दुसरीकडे, एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमची सिद्धता माणूस आणि संगणक यांनी मिळून देण्याचे काम पुढे जातच आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे ८,७०० ओळींच्या एसईएल-४ या कार्यप्रणालीच्या गाभ्याची संपूर्ण सिद्धता पूर्ण झाली. ती एका गाभ्याच्या प्रोसेसरपुरती होती. २०१६ मध्ये येल विद्यापीठातील झोंग शाओ यांच्या गटाने सर्टिकॉस ही सुमारे ६,५०० ओळींची प्रणाली अनेक गाभ्यांसाठी सिद्ध करून दाखवली. सिद्धतेचे तुकडे पाडून, प्रत्येकाचे गृहीतक आणि ग्वाही जुळवत जाणे, हाच तिथलाही आधार. आपल्या फोनमधील लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपुढे हे आकडे अजून फारच लहान आहेत.

२८/
एक प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अण्णा लिहितात : तात्यांच्या पानावर पाहिले तेवढ्याच पेट्या. तात्या लिहितात : अण्णांच्या पानावर पाहिले तेवढ्याच पेट्या. आरंभी दोन्ही पाने कोरी. तरीही दोन्हीकडे ‘४२ पेट्या’ अशी नोंद उमटली आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर? असे कोणतेही यंत्र करत असल्याचे आढळलेले नाही. परंतु सी प्लस प्लसच्या सर्वांत सैल गणिती नियमांत हे निषिद्ध ठरत नाही. आणि ते निषिद्ध करू जावे, तर कंपायलरच्या उपयुक्त रूपांतरांवर गदा येते.

२९/
म्हणून त्या प्रमाणग्रंथात, इतक्या काटेकोर नियमांच्या मध्ये, अशा निराधार नोंदी यंत्राने निर्माण करू नयेत, असे एक वाक्य साध्या गद्यात लिहून ठेवले आहे. नियम सापडेपर्यंत ते वाक्य त्या जागी राहील. १९११ साली प्रयोग आणि नियम यांचा मेळ घालू पाहणाऱ्या दामल्यांना ही अडचण परकी वाटली नसती. सध्या केंब्रिजपासून पवईपर्यंतचे संशोधक त्या एका वाक्याच्या जागी व्याकरणाचा नियम बसवण्याच्या खटपटीत आहेत.